चार पन्नासची ओळ

लेक ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये कमरेपर्यंत वाकली होती आणि आईच्या पाठीमागच्या फळीला नारिंगी डबी स्क्रूने आवळत होती. आई पट्टे बांधून आधीच बसली होती. लेकीचं कोपर दर फेऱ्याला तिच्या कानाला घासत होतं.

"पुढे लाव ना, माझ्या हाताशी," आई म्हणाली. "तिला बटण आहे म्हणालीस. मी खुशाल आहे असं कळवायचं बटण."

"हाताशी लावली की तू बंद करशील."

"मी कशाला बंद करू?"

"मागच्या वर्षी फोन का बंद केला होतास?"

"बॅटरी वाचवत होते."

लेकीने शेवटचा स्क्रू घट्ट केला, डबीवर एक जुना लोकरी मोजा चढवला आणि वरून रबर लावलं. वर हाडं गोठवणारी थंडी असते, यंत्रंही गारठतात, असं क्लबचे मास्तर म्हणाले होते. ती बाहेर निघाली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"दर पाच मिनिटांनी तू कुठे आहेस ते डबी उपग्रहाला सांगेल आणि उपग्रह मला," ती म्हणाली. "तू काही करायचं नाहीस. फक्त उडायचं."

"मी काय सिमेंटचा ट्रक आहे का?"

"ट्रकवाले इतकी कटकट करत नाहीत."

लेक मालवाहतुकीच्या एका कंपनीत नियंत्रण कक्षात होती. एकशे चाळीस ट्रक, एकशे चाळीस ठिपके, आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या तिघीजणी. कुठला ठिपका जेवायला थांबला आहे आणि कुठला पंक्चर झाला आहे, हे तिला नुसतं बघून कळायचं. आईचं मात्र काही कळत नसे. मागच्या वर्षी आई डोंगरापलीकडच्या एका नांगरलेल्या शेतात उतरली होती. ग्लायडरला इंजिन नसतं. हवेने उचलणं सोडलं की मिळेल तिथे उतरावं लागतं, त्यात अपघात असा काही नव्हता. पण त्या दरीत ना रेडिओ पोचत होता ना फोन. सात तास ती कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती एका दूधगाडीतून आली, बूट हातात घेऊन, आणि माती किती मऊ होती ते सांगत सुटली. लेक दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ऑफिसातून एक जुनी डबी आणि नकाशाचा प्रोग्राम मागून आणला आणि सांगितलं, डबी असेल तर उडायचं, नाहीतर नाही.

आई एकसष्ट वर्षांची होती. तीस वर्षं तिने दवाखान्यात लोकांच्या हाडांचे फोटो काढले. पन्नासाव्या वाढदिवसाला तिथल्या मंडळींनी तिला ग्लायडरची एक फेरी भेट दिली होती. त्या फेरीतून ती अजून पुरती खाली आलेली नाही, असं मामा म्हणत.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. अग्निशमन दलातून निवृत्त झाले होते. बहीण उडायची त्या प्रत्येक दिवशी ते मैदानावर हजर असत, आणि प्रत्येक वेळी हे सगळं आपल्याला अजिबात पसंत नाही असं सांगत. आताही त्यांनीच ग्लायडरचा पंख टोकाला धरून सरळ उचलून ठेवला होता. पुढच्या छोट्या विमानाने दोर ताणला, मामा पंखाबरोबर दहा पावलं धावले आणि पंख सोडून, हात गुडघ्यांवर टेकून उभे राहिले. ग्लायडर गवतावरून सुटलं. दोन्ही विमानं डोंगराच्या दिशेने लहान लहान होत गेली.

"झालं," मामा म्हणाले. "आता संध्याकाळपर्यंत माझ्या जिवाला घोर."

"घोर नको, मामा. ठिपका बघायला चला."

मैदानाच्या कडेला क्लबची पत्र्याची खोली होती. आत एक टेबल, रेडिओ, चहाचा थर्मास आणि भिंतीवर एक लाकडी फळा. फळ्यावर वर "पाच हजार मीटर" असं रंगवलेलं होतं आणि खाली एकच नाव, बावीस वर्षांपूर्वीच्या तारखेसकट. हे नाव मास्तरांचं. मास्तर सत्तरीचे, क्लबातल्या बहुतेकांना त्यांनीच उडायला शिकवलं होतं. विमानाचा दोर सोडल्यानंतर हवेच्या जोरावर एका दमात पाच हजार मीटर वर चढणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं, आणि त्यानंतर क्लबात ते कोणालाच साधलं नव्हतं.

आजचा बेत मात्र उंचीचा नव्हता, अंतराचा होता. डोंगररांगेच्या काठाकाठाने दीडशे किलोमीटर जायचं आणि तितकंच परत यायचं.

लेकीने तिचा संगणक भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. हिरवा ठिपका उमटला. क्लबातले सातआठ जण मागे येऊन उभे राहिले. पाच मिनिटांनी ठिपक्याने उडी मारली आणि एका घाटरस्त्यावर जाऊन बसला.

"ती रस्त्यावर काय करतेय?" मामांनी विचारलं.

"हा ट्रकचा प्रोग्राम आहे. ट्रक रस्त्यावरच असणार असं तो धरून चालतो, म्हणून ठिपका जवळच्या रस्त्याला चिकटवतो."

खोलीत हशा पिकला. मग दुपारपर्यंत तो खेळच झाला. ठिपका या रस्त्यावरून त्या रस्त्यावर उड्या मारत उत्तरेला चालला होता, आणि प्रत्येक उडीला कोणीतरी ओरडायचं, टोलनाका चुकवला, एकेरी रस्त्यात शिरली. लेकही हसत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती या खोलीत बसून हसत होती. पाऊण वाजता ठिपका दीडशे किलोमीटरवरून वळला तेव्हा मास्तरांनी नुसती मान हलवली, पण थर्मासमधला चहा त्यांनी सगळ्यांना स्वतः ओतून दिला.

तीन वाजून वीस मिनिटांनी ठिपका थांबला.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर वारा वाढला होता आणि दोघेजण दोऱ्या बांधायला गेले होते. तीन पंचवीसला ठिपका तिथेच होता. तीन तीसलाही तिथेच. डोंगरापलीकडच्या दरीत जाणारा एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्याच्या एका वळणावर तो बसून होता. तीन पस्तीसला तो हिरव्याचा नारिंगी झाला आणि शेजारी अक्षरं आली: वाहन थांबले आहे.

"उतरली वाटतं," मामा म्हणाले. "रस्त्यावर उतरली म्हणजे बरंच की."

मास्तर रेडिओवर हाका मारू लागले. उत्तर आलं नाही. त्या दरीतून ते कधीच येत नसे.

"तिथे उतरायला जागा आहे का?" लेकीने विचारलं.

मास्तरांनी रेडिओचा आवाज उगाचच कमीजास्त केला. "नाही. सगळा कडा आहे."

ते दारात जाऊन उभे राहिले आणि डोंगराकडे बघत राहिले. माथ्यावर एक लांबट, गुळगुळीत ढग होता. इतका वारा असून तो जागचा हलत नव्हता. मास्तर परत आले तेव्हा जरा भराभर बोलत होते.

"हे बघ. वारा जोराचा असला की तो डोंगरावरून खाली कोसळतो, पलीकडे आपटतो आणि उसळून वर जातो. ओढ्यात दगडामागे पाणी उसळतं ना, तसं. आम्ही त्याला लाट म्हणतो. त्या लाटेत ग्लायडर वाऱ्याकडे तोंड करून राहिलं, तर ते पुढे जात नाही आणि मागेही जात नाही. जागच्या जागी वर चढत राहतं."

"म्हणजे ठिपका थांबेल."

"ठिपका थांबेल."

"आणि कड्यावर आपटलं तरी ठिपका थांबेल," मामा म्हणाले.

तीन पन्नासला ठिपका लाल झाला. अक्षरं बदलली: चालकाशी संपर्क साधा.

मामांनी खिशातून फोन काढला. त्यांचा आवाज शांत होता, आणि लेकीने तो तसा कधी ऐकला नव्हता. ड्यूटीवर ते असेच बोलत असतील.

"बचाव दलाला सांगतो. त्यांचं हेलिकॉप्टर पोचायला चाळीस मिनिटं, आणि उजेड उरलाय दोन-अडीच तासांचा."

"दादा, ती लाटेत असली तर?" मास्तर म्हणाले. "त्या हवेत हेलिकॉप्टर पाठवायचं म्हणजे त्यांचाही जीव धोक्यात. आणि ते तिच्याच खाली घिरट्या घालणार."

"आणि लाटेत नसली तर? पाच मिनिटं उशीर झालेली घरं मी पाहिलेली आहेत, मास्तर. तुम्ही नाही पाहिलेली."

दोघंही लेकीकडे बघत होते. डबी तिची, नकाशा तिचा. ती पडद्याकडे बघत होती, आणि तिला एकच गोष्ट दिसत होती: पडद्यावर जागा होती, वेग होता, वेळ होती, इंधनाचाही एक रिकामा रकाना होता. उंची नव्हती. डांबरी सडकेवरच्या ट्रकची उंची कोणाला हवी असते?

"मामा, पाच मिनिटं द्या मला."

"आत्ताच काय सांगितलं मी?"

"तीन द्या."

मामांनी फोन खाली केला नाही, पण नंबरही लावला नाही.

तिने नकाशा बंद केला. पडदा पांढरा झाला तसं मागे कोणीतरी अस्वस्थपणे खाकरलं. उपग्रहाचे निरोप नकाशात जाण्याआधी एका पेटीत येऊन पडतात, एवढं तिला ठाऊक होतं. ती पेटी तिने नोकरीच्या अकरा वर्षांत दोनदा उघडली असेल. पासवर्ड आठवेना. मग आठवला, आणि चुकला. दुसऱ्या वेळी पेटी उघडली. इंटरनेट तिथे रांगत चालायचं. ओळी एकेक करून उतरू लागल्या. प्रत्येक ओळ म्हणजे आकड्यांची मालगाडी, मधे स्वल्पविराम, कशालाही नाव नाही.

"यात काय आहे?" मास्तरांनी चष्मा वर सरकवत विचारलं.

"डबी जे जे पाठवते ते सगळं. नकाशा त्यातलं हवं तेवढंच उचलतो." तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. "ही वेळ. ही जागा. हा वेग. पुढचे चार कशाचे आहेत ते मला माहीत नाही. यातला एखादा उंचीचा असेल. नसेलही."

"कसं ओळखणार?"

तिने मान वर केली. "आपलं मैदान किती उंचीवर आहे?"

"चारशे ऐंशी मीटर."

ती झपाट्याने वर सरकत सकाळच्या पहिल्या ओळीवर गेली. दहा वाजून वीस मिनिटं. तेव्हा ग्लायडर गवतावर उभं होतं आणि आई कानाला कोपर लागतंय म्हणून कुरकुरत होती. त्या ओळीत सातव्या जागी आकडा होता चारशे ब्याऐंशी.

"सातवा," ती म्हणाली.

मग ती खाली आली. वाऱ्याने पत्रा थडथडत होता. तिने हवामानाच्या पत्रकाची मागची कोरी बाजू पुढे ओढली आणि मोठ्याने वाचत लिहायला लागली.

"तीन दहा, एक हजार पाचशे पन्नास. तीन पंधरा, सतराशे नव्वद. तीन वीस, दोन हजार साठ." इथे ठिपका थांबला होता. "तीन पंचवीस, दोन हजार तीनशे नव्वद. तीन तीस, सत्तावीसशे वीस."

"वर," मास्तर म्हणाले. "वर चाललीय ती."

"तीन चाळीस, तेहेतीसशे पन्नास. तीन पन्नास, एकोणचाळीसशे वीस." इथे ठिपका लाल झाला होता. "तीन पंचावन्न, चार हजार एकशे नव्वद."

मामा जवळच्या स्टुलावर बसले. फोन त्यांनी मांडीवर उलटा ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिले. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

"चार हजार मीटर," ते म्हणाले. "आणि इथे मी तिला रस्त्यावर शोधतोय."

मास्तरांनी तोवर विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला होता. एवढ्या वर मोठ्या विमानांची वाट होती. तिथे शिरायला परवानगी लागते. ते दोन मिनिटं विनवण्या करत होते, मग एकदम ताठ झाले. "सात हजारांपर्यंत मिळाली. पाच वाजेपर्यंतच. पाचला तिने साडेपाच हजारांच्या खाली आलं पाहिजे."

"पण तिला सांगणार कसं?" लेक म्हणाली.

आणि तेव्हाच रेडिओ खरखरला. आई इतकी वर आली होती की मधला डोंगर आता आड येत नव्हता.

"मैदान, ऐकू येतंय का? मी लाटेत आहे." आईचा आवाज प्राणवायूच्या मास्कमधून येत होता, गुदमरलेला, आणि लहान मुलीसारखा उतावीळ. "मास्तर, दुधासारखी हवा आहे इथे. काडी हलत नाही. परवानगी घ्या ना माझ्यासाठी."

मास्तरांनी परवानगीचं सांगितलं, आकडे दोनदा म्हणायला लावले. मग त्यांनी रेडिओचा माईक लेकीपुढे धरला.

सगळे वाट बघत होते. तिच्या तोंडाशी काय आलं होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. गेली काही वर्षं ती तेच म्हणत आली होती: आता खाली ये. तिने कागदाकडे पाहिलं.

"चार हजार सहाशे नव्वद," ती म्हणाली. "पाच मिनिटाला अडीचशेने चढतेयस."

"ते मला दिसतंय गं."

"मलाही दिसतंय."

रेडिओवर क्षणभर नुसती खरखर आली. मग आई म्हणाली, "बरं."

ते तिचं शेवटचं बोलणं. चार वाजून वीस मिनिटांनी रेडिओ मुका झाला. मास्तर म्हणाले, बॅटरी गारठली. बाहेर उणे पंचवीस असेल. रेडिओ आणि उंची नोंदवणारं यंत्र एकाच बॅटरीवर चालत होती. उंची दाखवणारा जुना काटा मात्र हवेच्या दाबावर हलतो, त्याला बॅटरी लागत नाही. तेवढा तिच्यासमोर होता. आणि पाठीमागे मोज्यातली डबी बोलत होती.

आता सगळ्यांचं लक्ष तिच्या पेनाकडे होतं. मैदानावरचं काम थांबलं. सकाळी दोर ओढणारा वैमानिकही येऊन दारात टेकला. मास्तर भिंतीवरच्या फळ्याकडे न बघायची शिकस्त करत होते. शेवटी त्यांनीच कागदाच्या कोपऱ्यात छोटी बेरीज मांडली: दोर सोडल्यानंतरची सगळ्यात खालची उंची पंधराशे पन्नास, त्यात पाच हजार. सहा हजार पाचशे पन्नास.

"तिला हे कळलं असेल?" लेकीने विचारलं.

"पहिल्या हजारातच कळलं असेल."

चार तीस, एकोणसाठशे तीस. चार पस्तीस, सहा हजार एकशे चाळीस. चढ मंदावत होता. लाटेचा जोर माथ्यापाशी ओसरतो, मास्तर पुटपुटले. चार चाळीस, सहा हजार तीनशे तीस. मामा स्टुलावरून उठून लेकीच्या खुर्चीमागे आले होते आणि खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. आकडा आला की खुर्ची हलायची. चार पंचेचाळीस.

"सहा हजार चारशे नव्वद."

"साठ राहिले," वैमानिक म्हणाला. "फक्त साठ."

लेकीने पुढच्या ओळीत वेळ आधीच लिहून ठेवली: चार पन्नास. पेन टेकवून ती थांबली. चार पन्नास झाले. चार एक्कावन्न. पेटीत नवीन काही पडलं नाही. चार बावन्नला तिने पान पुन्हा उघडून पाहिलं. इंटरनेट चालू होतं. निरोपच आला नव्हता. असे अधूनमधून हरवतात. ट्रकचेही हरवतात, आणि तिने त्याची कधी फिकीर केली नव्हती.

चार पंचावन्न. सहा हजार चारशे तीस.

"खाली," कोणीतरी म्हणालं.

"खाली आली म्हणजे डबी चालू आहे आणि तीही चालवतेय," मामा म्हणाले. "बाकी काय करायचंय." पण खुर्ची त्यांनी सोडली नव्हती.

मास्तरांनी बेरजेवर एक आडवी रेघ मारली आणि मग, जणू चूक झाली असं वाटून, त्या रेघेकडे बघत राहिले. "मधल्या दहा मिनिटांत बरंच काही होऊ शकतं," ते म्हणाले. पाच वाजता पाच हजार तीनशे ऐंशी. दिलेली वेळ तिने बरोबर पाळली होती.

पावणेसहाला ग्लायडर उतरत्या उन्हात मैदानावर आलं. सगळे बाहेर धावले. चाक गवताला लागलं, ग्लायडर घरंगळत त्यांच्यापासून शंभर पावलांवर थांबलं आणि एक पंख हळूच जमिनीला टेकला. लेक सगळ्यात आधी पोचली. काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी होती आणि त्यातून आईने बोटाने खरवडून एक भोक केलं होतं. झाकण उघडलं तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते आणि ती हसत होती.

"पाय नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे आहेत, पण कळत नाहीयेत."

"सरका," मामा म्हणाले. त्यांनी वाकून एक हात बहिणीच्या काखेत घातला, दुसरा हात गुडघ्यांखाली सरकवला आणि एका हिसक्यात तिला बाहेर काढलं. सत्तरीला आलेला तो माणूस तिला घेऊन थेट खोलीपर्यंत चालत गेला, वाटेत कोणालाही हात लावू न देता. "वजन वाढलंय तुझं," एवढंच तो म्हणाला.

आईला घोंगडीत गुंडाळून खुर्चीत बसवलं. चहाचा पेला ती दोन्ही हातांनी धरून होती, दातांवर काच वाजत होती, आणि तरी ती बोलायची थांबत नव्हती. डोंगर कसा खाली सपाट झाला, ढगाची कडा कशी सुरीने कापल्यासारखी होती, सूर्याभोवती रंगाचं कडं कसं पडलं होतं. लेक समोर बसून तिच्या पायाची बोटं चोळत होती.

मास्तरांनी नोंदीचं सीलबंद यंत्र ग्लायडरमधून काढून आणलं आणि संगणकाला जोडलं. पडद्यावर एक रेषा उमटली. ती तिरकी वर चढत गेली आणि चार वीसला, चढताचढताच, संपली.

"पाच हजार चारशे साठ," मास्तर म्हणाले. "वजा पंधराशे पन्नास. तीन हजार नऊशे दहा मीटर."

"आणि पुढचं?" मामांनी विचारलं. "हिने सगळं लिहून काढलंय. उपग्रहाने सांगितलेलं."

"ते चालत नाही. या यंत्रातलंच लागतं. आणि चाललं असतं तरी—" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

आईने पेल्यातून वर पाहिलं. "लिहून काढलंय? बघू."

लेकीने कागद दिला. आई तो हातभर लांब धरून वाचू लागली, ओठ हलवत. मधे थांबायची, सांगायची. इथे मास्क लावला. इथे काच गोठली. इथे तुझा आवाज आला. चार चाळीस, चार पंचेचाळीस. मग तिची नजर थबकली.

"चार पन्नासला काही नाही?"

"निरोप आला नाही. वाटेत हरवला."

"अस्सं." आईने पेला खाली ठेवला. "सहा हजार सहाशे दहा."

तिने ते कोणाकडे न बघता सांगितलं, एखाद्याने वेळ विचारल्यावर सांगावी तसं. "काटा तिथे टेकला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. अजून थोडं मिळालं असतं. पण पाचच्या आत खाली यायचं होतं, म्हणून तोंड फिरवलं."

मास्तर यंत्राची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

अकरा वर्षांत लेकीने शेकडो रिकाम्या ओळी पाहिल्या होत्या. चालक फोनवर शपथा घेऊन सांगत, मी तिथेच होतो, बाई, तुमच्या यंत्राला दिसलो नाही त्याला मी काय करू. ती ऐकून घ्यायची आणि ओळ रिकामीच ठेवायची. नव्याने आलेल्या मुलींनाही तिने तसंच शिकवलं होतं.

तिने आईच्या हातातून कागद घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि चार पन्नासच्या पुढे सहा हजार सहाशे दहा असं लिहिलं. अक्षर वरच्या-खालच्या आकड्यांएवढंच काढलं. कंस केला नाही, खूणही केली नाही.

"आणि मग?" ती म्हणाली. पेन तिने अजून बंद केलं नव्हतं.